मामांचा रुसवा

"आमचा मान कुटं हाय?" एवढं म्हणून मामा मांडवातली एक प्लॅस्टिकची खुर्ची उचलायचे, फाटकाबाहेर नेऊन ठेवायचे आणि मांडवाकडे पाठ करून बसायचे. झाला रुसवा सुरू.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल म्हणा. पण आमच्या मामांची सर नाही. सगळ्या गल्लीचे ते मामा. माझे तर भिंतीला भिंत लागून शेजारी. बारशात रुसले नाहीत, मुंजीत रुसले नाहीत. रुसायचे ते फक्त लग्नात. मुलाकडचे असोत, मुलीकडचे असोत. एकदा तर आमंत्रणही नव्हतं. रस्त्याने जाताना मांडव दिसला म्हणून आत शिरून रुसले! यजमान घामाघूम होत टॉवेल-टोपी घेऊन धावायचा, "मामा, चला, पान वाढलंय" म्हणायचा, मग मामा उठायचे आणि जिलेबीची अख्खी परात जागेवर गारद करायचे. मानाचे टॉवेल त्यांच्याकडे इतके साठले होते, की आमच्या शहरातल्या सात रस्ता चौकाचे सातही रस्ते झाकून उरलेल्यात शेजारचं अर्धं कुंभारी गाव पुसून निघालं असतं.

पुरुषाने पुरुषाशी लग्न करावं का, यावर टीव्हीवर वाद पेटला तेव्हा मामांनी माझा जीव नकोसा केला. रोज सकाळी मी तोंडात ब्रश घालायचा अवकाश, भिंतीवरून मुंडकं वर.

"काय रे, दोन नवरदेव म्हंजे दोनी बाजू मुलाकडच्या की!"

"असू देत, मामा."

"असू देत काय? मग रुसायचं कुणी आन समजूत कुणी घालायची?"

"दोन सज्ञान माणसांचा प्रश्न आहे. ज्याचं त्याला स्वातंत्र्य आहे."

"आन मला रुसायचं स्वातंत्र्य न्हाय व्हय?"

टीव्हीवरचे विद्वान धर्म, संस्कृती, निसर्ग करत घसे फोडत होते. या माणसाचं घोडं मानपानावर अडलेलं! मी तोंडातला फेस गिळून घरात पळायचो.

मग एका सकाळी मुंडकं वर आलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मामी आल्या त्या रडवेल्या होऊन. त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता. बार्शीच्या ज्या मित्राबरोबर तो राहत होता, तो नुसता मित्र नव्हता. दोघं कुंभारीला एका ओळखीच्यांच्या शेतावर एकमेकांना हार घालणार होते. कायदा मानेल तेव्हा मानेल. चार माणसांना जेवू घालायचं होतं. "बाबा, तुम्ही आलात तरच हार घालीन," असं मुलगा सांगून गेला होता.

"तुम्हीच न्या हो यांना," मामी म्हणाल्या. "पोरगं हार हातात धरून बसून राहील."

मामांना रिक्षात कोंबताना मला हत्तीला डब्यात घातल्याचं पुण्य लागलं असेल. वाटभर एकच धोशा, "मी निस्ता बघाय येतोय. हे काय लग्न न्हाय. मी मानत न्हाय."

शेतावर पोचलो. मांडव लहानसा, दोघं पोरं हार घेऊन उभी. मामांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"आमचा मान कुटं हाय?"

आणि उचलली खुर्ची! मी कपाळ बडवून घेतलं. मुलगा मात्र हसत सुटला, हसता हसता डोळे पुसायला लागला. "काका, बाबा रुसले! फक्त लग्नातच रुसतात ते."

हार घातले गेले. मामांनी मान वळवून पाहिलं ते मी पाहिलं. पण पंगत अडली. कारण बार्शीच्या पोराचे वडीलही, आडत दुकानातला गलमिशावाला गडी, "आम्ही बी मुलाकडचेच की" म्हणत फाटकाच्या दुसऱ्या अंगाला खुर्ची टाकून बसले. दोन पाठी! मधे मी, टॉवेल घेऊन येरझाऱ्या घालतोय. भात गार झाला, आमटीवर साय धरली, माझ्या पोटात कावळ्यांची सभा भरली.

शेवटी बार्शीकर पुटपुटले, "अवो, उठा की. पोरं उपाशी हायती."

"आदी तुमी उठा."

"चला, पान वाढलंय."

हे ऐकलं मात्र, मामा उठले. मग टोपी कुणी कुणाला घालायची यावर आणखी तासभर भांडण. पण जेवले. दोघं मिळून जे जेवले, त्याने आचारी दोन दिवस आजारी होता.

पुढे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. असं लग्न कायद्यात बसत नाही; बदल करायचा तर कायदे करणाऱ्यांनी करावा. त्या दिवशी मामांनी घरातली खुर्ची गल्लीत आणून रस्त्याकडे पाठ केली.

"आता काय?"

"रुसलोय. सरकारवर. लग्नच न्हाय म्हणत्यात. मग मी तितं जेवलो ते काय जेवलो?"

"मामा, सरकार टॉवेल-टोपी घेऊन येणार नाही हो!"

"न्हाय आलं तर मी बी उठत न्हाय."

त्यानंतर प्रत्येक लग्नात हाच तमाशा. यजमान टॉवेल पुढे करायचा आणि मामा हात जोडायचे, "तुमच्यावर न्हाय." बसून राहायचे, न जेवता घरी जायचे. गल्ली वैतागली, आचारी वैतागले, मी तर कातावलोच. मुलगा म्हणाला, "बाबा, सोडा आता." तरी नाहीच.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. पुढचे दोन खांदे दोघा पोरांचे होते. हा दुसरा कोण म्हणून आमच्या गल्लीत कुणी विचारलं नाही.

परवा माझ्या मुलीचं लग्न झालं. पंगत वेळेवर बसली, भात वाफाळता होता. मी टॉवेल-टोपी घेऊन फाटकापर्यंत जाऊन आलो. तिथे मांडवाकडे पाठ करून एक खुर्ची होती. मीच ठेवली होती. सरकारकडून समजूत घालायला अजून कुणी आलेलं नाही.