मनुकांचा रस

मनुका उकळायला लागल्या, की तो रविवार आठवतो. चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षारस म्हणून देतात तो मनुकांचा रस आमच्या मंडळीत मीच करते, त्या दिवशीही मीच केला होता. आजारी आईकडे मी फिरकलेही नाही, असं धाकटी बहीण सगळ्यांना सांगत सुटली होती. खरं तर आईला रोज अंघोळ मीच घालत होते. रसाचे प्याले वाटण्याआधी पाळकांनी बायबलमधलं वचन वाचलं, की आधी जाऊन आपल्या भावाशी समेट कर. मी उठले, सगळ्यांदेखत बहिणीच्या बाकाशी गेले आणि म्हणाले, “माझं काही चुकलं असन तं माफ कर वं मले.” ती शेजारणीकडे वळली. “ऐकलं ना? स्वतःच कबूल करून राहिली!” मग तिनं माझ्याच हातच्या रसाचा प्याला शांतपणे ओठांना लावला. रस मी अजूनही करते. ते वचन आलं, की मात्र बाक घट्ट धरून बसते.