घोड्याच्या घरातलं प्यादं

संत्र्याच्या सालीचा वास आला की मला आजही मोठ्या बाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा, राग येतो. सौंसरच्या घरी जेवणं झाली की ते ओसरीवर संत्री सोलत मला बुद्धिबळ शिकवायचे आणि माझी मारलेली मोहरी सालींच्या ढिगात फेकायचे. डाव संपला की ती चिकट मोहरी मीच वेचायची. नवशिकी मी, कसंबसं एक प्यादं पहिल्यांदा त्यांच्या शेवटच्या रांगेत, सुरुवातीला घोडा उभा असतो त्या घरात, नेलं आणि वजीर मागितला, तर शेजाऱ्यांसमोर ओरडले, "घोड्याच्या घरात गेलं तं घोडाच होते! वजीर कायले मांगून राहिली?" मी पुढचा महिनाभर नुसता घोडाच शिकत बसले. मग एका दुपारी माझं प्यादं पुन्हा त्याच घरात पोचलं. मी घोडा ठेवला, शह दिला, आणि त्यांच्या राजाला हलायला एकही घर उरलं नाही. शेजारी हसले. मोठे बाबा म्हणाले, "असं कुठी असते? प्याद्याचा वजीरच होते, मोबाईलमंदी पाह्य," आणि अख्खा पट सालींत उलटा केला. त्या दिवशी मी एकही मोहरं वेचलं नाही. इतक्या वर्षांनी परवा ते पांढुर्ण्याला माझ्या घरी आले. थकलेत, आवाज मऊ झालाय. दारातूनच म्हणाले, "एक डाव मांडतं का वं, बाई?" "माझ्याकडं पट नाही," मी म्हटलं. पट माझ्या मागं दिवाणावर मांडलेला होता, आणि तो त्यांना दिसत होता.