तिसरं छप्पर

तुर्कस्तानचा विषय निघाला की मी इस्तंबूलच्या मशिदींबद्दल बोलतो, बोटीतून पाहिलेल्या पुलांबद्दल आणि तिथल्या रस्त्यावरच्या मांजरांबद्दल. मंडळाच्या गणपतीत कोणी ना कोणी तिकडे जायचं ठरवत असतं आणि मला विचारतं. मी हॉटेल कुठे घ्यावं ते सांगतो, चहात साखर किती टाकावी ते सांगतो. डोंगरातल्या त्या एका दिवसाबद्दल मी पाच वर्षं त्यांच्यापाशी अवाक्षर काढलेलं नाही. बायकोला ठाऊक आहे, कारण ती बरोबर होती. मी मांजरांपाशी पोचलो की ती उठून चहा टाकायला जाते.

आता मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं आहे. ज्या दोन माणसांना खरं सांगायला हवं होतं त्यातलं एक गेलं आणि दुसऱ्यापुढे माझी जीभ उचलली नाही. म्हणून लिहून ठेवतो.

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडजवळच्या पापाकुरात आमच्या कुंपणापलीकडे एक तुर्की शेजारी राहायचा. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मला 'आबी' म्हणायचा. त्यांच्याकडे थोरल्या भावाला तसं म्हणतात. मी आयुष्यभर रस्त्यांची कामं केली, आधी पुण्याच्या आसपास, मग इथे. त्याने आयुष्यभर इथल्या मांसाच्या कारखान्यात हलाल पद्धतीने मेंढ्या कापल्या. एकाच्या घरात अंडंही येत नाही आणि दुसऱ्याचा हा धंदा, तरी आमची गट्टी जमली ती टोमॅटोंमुळे. त्याच्या वाफ्यात इतके टोमॅटो यायचे की फेब्रुवारीभर आमच्या घरी सार आणि भरीत याशिवाय काही शिजायचं नाही.

टोमॅटो देण्याची त्याची एक रीत होती. आधी अंगणातल्या नळाखाली साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचा, मला दिसेल असे वर धरायचा, आणि मग टोपली कुंपणावरून द्यायचा.

"हे कशाला करतोस?" मी एकदा म्हटलं. "तू निवृत्त होऊन चार वर्षं झाली."

"मेंढ्या विसरल्या असतील, आबी. तू विसरला नसशील."

मी हसलो. पण तो म्हणाला ते खरं होतं.

मी काही सोवळ्यातला माणूस नाही. देवपूजासुद्धा बायकोच करते. पण ज्या पातेल्यात मांस शिजलं त्यातलं मला घशाखाली उतरत नाही. कामावर कधी बार्बेक्यू असलं की मी घरून डबा नेऊन गाडीत बसून खायचो. इतकी वर्षं इथे काढून ते सुटलं नाही, आणि सोडावं असंही मला कधी वाटलं नाही.

मग त्याची किडनी गेली. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस सुरू झालं. प्रवास बंद. गावी त्याची थोरली बहीण होती. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. ती त्याला भेटायला येण्याइतकी धडधाकट नव्हती आणि तो जाण्याइतका राहिला नव्हता. २०१४ साली आम्ही लंडनला मुलीच्या बाळंतपणाला जाणार आणि येताना आठ दिवस तुर्कस्तान बघणार असं ठरलं, तेव्हा तो कुंपणाला हात टेकून बराच वेळ उभा राहिला.

"आबी, एक दिवस माझ्या गावाला देशील?"

"काय न्यायचंय?"

"एक शाल आहे. पण शालीचं काही नाही, ती पोस्टाने जाते. तूच जायला हवंस. मी फोनवर सांगतो की मी ठीक आहे. ती म्हणते, फोनवर सगळेच ठीक असतात. म्हणते, ज्याने तुला जेवताना पाहिलंय असा माणूस पाठव. तुझ्याशिवाय असा कोण आहे?"

बायको गेल्यापासून तो एकटाच होता. मुलगी लांब, पोरिरुआला. रविवारी दुपारी तो आमच्या डेकवर बसून वरणभात खायचा, आणि पाण्यावर बंधन असल्यामुळे वरण मोजून घ्यायचा. त्याला जेवताना मी खरोखर पाहिलं होतं. मी म्हटलं, जाईन.

काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरच्या शहरातून आम्ही गाडी केली. ड्रायव्हर पन्नाशीचा, हॉटेलात काम केलेला, इंग्रजी बरं बोलणारा. नदीच्या काठाने वर वर चढत गेलो. मला अजून प्रत्येक वळण आठवतं. रस्ता उत्तम होता. पाण्याला वाट काढून दिलेली, दरीच्या बाजूला कठडे, वळणांवर योग्य उतार. मी बायकोला ते सगळं समजावत होतो आणि ती खिडकीतून बाहेर बघत होती. उतारांवर गवताच्या गंजी होत्या, लाकडी घरांच्या गच्च्यांवर अक्रोड वाळत टाकले होते. बायका अक्रोड सोलत होत्या आणि त्यांचे हात मेंदी काळपट पडावी तसे दिसत होते. माणसं कमी. तरुण सगळे शहरात गेलेले, ड्रायव्हर म्हणाला. एका ठिकाणी तो लघवीला थांबला तेव्हा इतकं शांत होतं की खालच्या नदीबरोबर कोणाच्या तरी मधमाश्यांच्या पेट्यांची गुणगुण ऐकू येत होती.

"साताऱ्याकडचं वाटतं नाही?" बायको म्हणाली.

अकराच्या सुमाराला आम्ही तालुक्याच्या गावी पोचलो. गाव म्हणजे एक मशीद, एक टपाल कचेरी, एक चहाचं दुकान. दुकानात म्हातारे पत्ते खेळत होते. ड्रायव्हरने शेजाऱ्याच्या बहिणीचं नाव घेतलं तशी सगळ्यांनी पत्ते खाली ठेवले. माझा हात हातात घेऊन एकेक जण छातीला हात लावत गेला. दुकानदाराने चहा आणला, मग आम्हाला बाहेर नेलं आणि वरच्या उतारावर बोट दाखवलं. सात-आठ पत्र्याची छपरं होती. तिसरं छप्पर तिचं. त्यातून धूर निघत होता. गाडीने जेमतेम वीस मिनिटं.

"तुमच्यासाठी सकाळीच मेंढी कापली आहे," ड्रायव्हर म्हणाला. "वाडीतली सगळी माणसं जमली आहेत. आज तुमची काही सुटका नाही."

तो कौतुकाने बोलत होता. मला मात्र ते घर आतून दिसायला लागलं. खाली बसायचं, मध्ये मोठं ताट, सगळ्यांचे डोळे माझ्या हाताकडे. घरधनीण म्हातारी, तिने माझ्यासाठी जनावर कापलंय, आणि मी नाही म्हणायचं. किंवा हो म्हणायचं आणि तिथेच ओकायचं. इथे गाडीत जाऊन डबा खायची सोय नव्हती.

मी बायकोला बाजूला घेतलं.

"अहो, त्यात काय एवढं," ती म्हणाली. "दही मागू. पाव आहेच. हाताने खूण करून सांगू की पोटाचं पथ्य आहे."

"त्यांचा अपमान होईल."

"आणि न जाऊन मान होईल?"

ज्याला उत्तर सुचत नाही तो माणूस घाई करतो, तशी मी केली. ड्रायव्हरला म्हटलं, हिला घाट लागलाय, वांत्या होतायत, वर नेणं बरं नाही, आपण परत फिरू. बायको माझ्या शेजारी नीट उभी होती, चहाचा दुसरा पेला हातात घेऊन. ड्रायव्हरने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पेल्याकडे. मग त्याने दुकानदाराला काहीतरी सांगितलं. दुकानदार आत गेला आणि तिच्यासाठी लिंबू घेऊन आला.

शाल मी त्याच्या हातात ठेवली. गाडी वळवली तेव्हा मी वर बघितलं नाही.

खाली उतरताना निम्मा घाट बायको ते लिंबू हातात फिरवत होती. मग म्हणाली, "माझ्या नावावर खपवलंत ते खपवलंत. आता घरी गेल्यावर त्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी खोटं बोलणार नाही."

मी बोललो. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी शेजारी कुंपणापाशी रोपं लावत होता. ओले हात पँटला पुसत उभा राहिला.

"भेटली?"

"भेटली," मी म्हटलं. "छान आहे. तुझं जेवण कसं काय ते विचारलं. मी सांगितलं, दर रविवारी माझ्यासमोर जेवतो."

"बसून होती की उभी?"

"बसली होती. अंगणात."

"अक्रोड आहे का अजून?"

"आहे की. त्याच्या सावलीतच बसलो. मोठा झालाय."

तो थोडा वेळ रोपाच्या मुळाशी माती दाबत राहिला. "काय वाढलं तुला?"

"दही, पाव, मध."

"चांगलं केलं," तो म्हणाला.

त्या उन्हाळ्यात टोमॅटो आले, पण दुकानातल्या पिशवीत घालून कुंपणाच्या खुंटीला अडकवलेले असायचे. नळाखाली हात धुणं मला पुन्हा दिसलं नाही. मी म्हटलं, थकत असेल. रविवारी तो यायचा, वरणभात खायचा, आबी म्हणायचा. म्हणजे तसं काही बदललं नव्हतं. मी स्वतःला हेच सांगत होतो.

तीन वर्षांनी, हिवाळ्यात, तो हॉस्पिटलात होता. मी रोज जायचो. एकदा तर मी सुरुवातही केली. म्हटलं, "तुझ्या गावचं एक सांगायचं राहिलंय." त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. चांगली वाट पाहिली. मी म्हटलं, "रस्ता फार चांगला बांधलाय रे तिथे."

"हो," तो म्हणाला. "ड्रायव्हरही म्हणाला असेल."

त्या आठवड्यात तो गेला.

घर रिकामं करायला त्याची मुलगी आली. इथेच वाढलेली, स्पष्ट बोलणारी. माझ्या बायकोने तिला जेवायला बोलावलं. जेवताना मी सवयीने म्हणून गेलो की तुझ्या आत्याने मला किती प्रेमाने दही-मध वाढलं होतं. असं मी तोवर तिच्यासमोर दोनदा तरी म्हटलं असेल. तिने चमचा खाली ठेवला.

"अंकल, नका. आत्याचा त्याच दिवशी फोन आला होता. बाबांना तुम्ही परत यायच्या आधीपासून माहीत होतं."

बायको ताटाकडे बघत राहिली.

"तो अक्रोड बर्फात पडला, मी कॉलेजात होते तेव्हा," मुलगी म्हणाली. "बाबा हसायचे. म्हणायचे, आबीने माझा अक्रोड परत उभा केला."

मी विचारलं, चिडला नाही का तो?

"चिडले नाहीत. त्यांना कळत नव्हतं एवढंच. त्यांनी आत्याला आधीच सांगितलं होतं की पाहुणे मांस खात नाहीत, त्यांना भांडंसुद्धा वेगळं लागतं. आत्याने खालच्या बाजारातून नवीन पातेलं आणलं होतं, नवा डाव, नवी ताटं. तुमच्यासाठी मसूर आणि दलियाचा भात केला होता. लोणी वेगळं कढवलं होतं. मेंढी वाडीतल्या लोकांना होती. पाहुणा आला की कापायची असतेच." मग म्हणाली, "तिला वरून तुमची गाडी दिसत होती. वळली तेव्हा तिला वाटलं, डिझेल भरायला गेली असेल. संध्याकाळपर्यंत तिने कोणाला जेवायला बसू दिलं नाही."

माझ्या शेजाऱ्याने तीन वर्षं दर रविवारी माझ्याकडचं वरण मोजून खाल्लं, हे सगळं माहीत असून.

मग मुलीने मला न विचारताच फोन काढला आणि आत्याला लावला. "बोला," म्हणाली, "मी सांगते तिला तुर्कीतून." फोन टेबलावर ठेवला. तिकडून कोंबड्यांचा आवाज येत होता, मग एका म्हातारीचा आवाज आला. मुलीने मी कोण ते सांगितलं. मग म्हातारीने एकच विचारलं.

"विचारतेय, शेवटी शेवटी तो नीट जेवत होता का?"

हे मात्र मला खरं सांगता आलं. शेवटच्या दोन महिन्यांत भात कमी झाला होता, पण टोमॅटोची फोड मीठ न लावता खायचा आणि बी थुंकायचा नाही, गिळायचा. मुलीने ते सांगितलं. पलीकडे म्हातारी हुंदका दाबल्यासारखं काही बोलली. लहानपणी पण गिळायचा, मुलीने सांगितलं.

मी पुढचं वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात तीच बोलली.

"म्हणतेय, बाईंना त्या दिवशी घाट लागला होता ना, आता बऱ्या आहेत का? म्हणते, आमचा रस्ताच खराब, बाहेरच्या माणसाला सोसत नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

बायको माझ्याकडे बघत होती. मुलगी बघत होती.

मी म्हटलं, "हो. बरी आहे."

फोन बंद झाला. मागच्या वर्षी मुलीने कळवलं की आत्याला आता ऐकू येत नाही, फोनवर बोलता येत नाही. वाचायला ती कधी शिकलीच नव्हती. त्या दिवशी टेबलाशी बसून मी जे बोलायला हवं होतं ते हे:

ताई, तुमचा रस्ता चांगला आहे. माझ्या बायकोला घाट लागला नव्हता. मी तुमच्या छपरावरचा धूर पाहिला आणि मागे फिरलो. तुमचा भाऊ माझ्यासमोर जेवायचा, एवढं सांगायला तुम्ही मला बोलावलं होतं, आणि तुम्ही माझ्यासाठी नवं पातेलं घेतलं होतं. माझं चुकलं.