पांढरी साडी कुठं मिळेल

लेकीचं लग्न ठरलं आणि मी घरात जाहीर करून टाकलं, की तिची लग्नातली पांढरी साडी मी स्वतः मुंबईला जाऊन घेणार. आम्हा बौद्धांच्यात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते. माझ्या लग्नातली साडी मोठ्या माणसांनी परस्पर आणली होती, मला कोणी विचारलंही नव्हतं. लेकीची तरी मनासारखी घ्यायची होती. ती पाच वर्षं मुंबईत नोकरी करते आणि मी एकदाही तिच्याकडे गेले नव्हते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. सुट्टी लागली, की नेमकं काही ना काही निघायचं, कधी निवडणुकीचं काम, कधी सासूबाईंचं दुखणं. म्हटलं, साडीच्या निमित्तानं समुद्रही पाहून होईल.

आमचे हे एसटीत कंडक्टर. रिसोड ते वाशीम मधले सगळे थांबे झोपेतसुद्धा सांगतील, पण मुंबई म्हटली की त्यांचाही आवाज बारीक होतो. त्यांना रजा मिळाली नाही. अकोल्याच्या गाडीत मला बसवून देताना त्यांनी एवढंच बजावलं, "पर्स पुढं धर. अन् दिसंल त्याच्याशी बोलत बसू नोको. तुले लय सवय हाय."

मला राग आला. माझ्या नुसत्या बघण्यानं चौथीचा वर्ग चूप होतो, आणि हे मला बोलायचं कसं ते शिकवणार!

दादर स्टेशनवर लेक घ्यायला आली होती. सोबत तिच्या खोलीतली मैत्रीण, कोकणातली, गोड चेहऱ्याची, भराभर बोलणारी. दोघींनी माझ्या दिवसाचा कार्यक्रम आधीच ठरवून टाकला होता. नाश्ता कुठं, साड्या कुठं, जेवायला मासे कुठं, संध्याकाळी भेळ कोणत्या चौपाटीवर. मी नुसती हो हो करत होते. मैत्रीण पाण्याची बाटली घ्यायला वळली, तशी लेक माझ्या कानाशी लागली.

"आई, तिच्यासमोर घरच्या गोष्टी जास्त काढू नोको."

मला वाटलं, हिला माझ्या वऱ्हाडी बोलण्याची लाज वाटते. कारण मैत्रिणीशी बोलताना ती स्वच्छ 'मला' नि 'तुला' म्हणत होती. 'मले'चा मागमूस नाही. माझीच पोरगी मला पाहुण्यासारखी वाटायला लागली.

नाश्त्याला उडप्याच्या हॉटेलात गेलो. एवढी गर्दी, की आमच्याच टेबलावर एक अनोळखी माणूस येऊन बसला आणि इडली खायला लागला. आता आमच्याकडे समोरासमोर बसून खायचं आणि एक शब्द बोलायचं नाही, हे भांडण झाल्याशिवाय होत नाही. मी सरळ विचारलं, "कोणतं गाव तुमचं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, "इथलाच" म्हणाला आणि मोबाइल काढला. टेबलाखाली लेकीनं माझ्या पायावर पाय दाबला. मैत्रीण हसली. "काकू, तुमची भाषा काय गोड आहे हो! मघाशी येताना म्हणालात तसं 'मले' म्हणा ना परत." मी म्हटलं. ती पुन्हा हसली. तिच्या हसण्यात खोट नव्हती, मीही हसले. पायावरचा पाय मात्र मला समजला नाही.

साडीचं दुकान मोठं होतं. पांढऱ्याशुभ्र गाद्या, वर आरसे, माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली. आमच्यासमोरचा विक्रेता चांगला हसतमुख होता. मैत्रिणीनं सांगितलं, "हिचं लग्न आहे, शालू दाखवा," आणि त्यानं लाल, हिरवे, जांभळे असे काही भराभर उलगडले, की मला जागा सोडून मागं सरकावं लागलं. मी जरा वेळ धीर धरला. मग म्हटलं, "पांढऱ्यातल्या दाखवा. लग्नातल्याच, चांगल्या."

त्याचा हात थांबला. "नवरीसाठीच बघताय ना? मग पांढरी कुणासाठी?"

मी तोंड उघडणार, इतक्यात लेक म्हणाली, "ऑफव्हाइट. रिसेप्शनसाठी."

कसलं रिसेप्शन? आमचं तर लग्न म्हणजे एकच कार्यक्रम, विहारासमोरच्या मांडवात, आणि त्यानंतर जेवण. मी तिच्याकडे बघत राहिले, ती माझ्याकडे बघेना. मैत्रिणीनं एक लालभडक शालू तिच्या खांद्यावर टाकला. "लग्नात मात्र हाच हं! पांढरं कसलं लग्नात!" लेक आरशाकडे वळली. फार सुंदर दिसत होती. आई असून मला ते बघवेना.

तेवढ्यात यांचा फोन आला. आमच्या घरात फोन उचलून कोणी 'हॅलो' म्हणत नाही. माझे वडील म्हणत नव्हते, आम्ही म्हणत नाही. दुकानात कालवा होता, म्हणून मी वर्गात लावते तसा आवाज लावला.

"जय भीम! हो, पोचली मी. हो, दुकानातच हावो."

कोणी काहीच बोललं नाही, हे आधी सांगते. विक्रेता साड्या काढतच होता. शेजारच्या बाईनं फक्त मान वळवली आणि परत फिरवली. पण मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं, मग विक्रेत्यानं काढून बाजूला ठेवलेल्या दोन-तीन पांढऱ्या साड्यांकडे पाहिलं, मग माझ्या लेकीकडे. आणि तो लाल शालू लेकीच्या खांद्यावरून हळूच काढून त्याची घडी घालायला लागली. दुकानात घडी घालायला माणसं होती. तरी तिनं ती काठाला काठ जुळवून घातली. लेकीचा चेहरा पार उतरला.

"साडी भेटली का?" पलीकडून हे विचारत होते.

"पाहून राह्यलो," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

"इथं काही खास नाही," लेक म्हणाली. आम्ही उठलो. त्यानंतर आणखी दोन दुकानांत शिरलो, पण तिथं मी तोंड उघडलं नाही. काय मागायचं आणि काय नाही, हेच मला समजेनासं झालं होतं. इतक्या साड्या, इतकी दुकानं, आणि मी परक्याच्या घरात आल्यासारखी पदर सावरून कोपऱ्यात उभी.

जेवायला मालवणी खानावळीत गेलो. सुरमईचा तुकडा आला, भाकरी आली, वाटीत गुलाबी काहीतरी आलं. मी त्याला ताक समजले, ती सोलकढी निघाली. एरवी यावर मीच हसून हसून खानावळ डोक्यावर घेतली असती. मैत्रीण मला काटा कसा काढायचा ते दाखवत होती. "काकू, अजून भात घ्या. काकू, तिखट नाही ना झालं?" फार अदबीनं वागत होती. सकाळी माझ्या बोलीची मस्करी करणारी पोरगी दुपारी एकदम माझा मान ठेवायला लागली होती. मला तिची सकाळची मस्करी हवी होती. पण ती कशी परत मागणार? जेवण झाल्यावर तिला काहीतरी काम आठवलं आणि ती गेली.

आम्ही दोघी फुटपाथवर उभ्या राहिलो. भेळेची चौपाटी अजून बाकी होती. लेक म्हणाली, "चैत्यभूमीवर जाऊ," आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता चालायला लागली.

मला वाटलं, आईसाठी नेते आहे. पण तिथं चप्पल कुठं काढायची, कोणत्या बाजूनं आत जायचं, हे सगळं तिच्या पायाला ठाऊक होतं. बाहेर मेणबत्त्या विकणारी बाई तिला बघून म्हणाली, "जय भीम, ताई. आज आई आल्या का?" लेकीनं तिला तितक्याच मोकळेपणानं जय भीम घातला. मी तिला थांबवलं.

"तू येत असते इथं?"

"सुट्टीच्या दिवशी. एकटी."

दर्शन घेऊन आम्ही समुद्राच्या कडेला बसलो. ज्यासाठी एवढ्या लांब आले, तो समुद्र समोर होता. पण मला त्याचं काही आठवत नाही. मी विचारलं, "तुले आमची लाज वाटते का व?"

"लाज वाटली असती तर इथं आली असती का मी?" ती चिडली. मग चिडायचीही ताकद संपल्यासारखी खालच्या आवाजात बोलायला लागली. "आई, रिसोडात मी कुठंबी गेली, की समोरच्याले आधीच माहीत राह्यते. शाळेत माहीत होतं. दुकानात माहीत होतं. मी तोंड उघडाच्या आधी. कोणी वाईट वागते असं नाही. पण माहीत राह्यते. इथं तू त्या माणसाले गाव विचारलं ना, गावानंतर आडनाव येते, अन् आडनावानंतर सगळं येते. म्हून मी कोणाचं गाव विचारत नाही अन् माह्यं सांगत नाही. मी सांगीन तवाच लोकायले कळावं, एवढंच पाह्यजे होतं मले. मी सांगाच्या आधी नाही."

"अन् साडी?"

"पांढऱ्या साडीतला एक फोटो कोणी मोबाइलवर टाकला, की झालं. मी सांगाच्या आधीच सगळं ऑफिस समजून घेईल."

"मंग नेसणार नाही का?"

"मले नाही समजून राह्यलं, आई. मले नेसाची हाय. अन् भेवबी वाटते."

नेस म्हणावं, तर मी रिसोडला निघून जाणार आणि त्यानंतरचं जे काही असेल ते तिनं एकटीनं इथं निभवायचं. नको नेसू म्हणावं, तर कोणत्या तोंडानं म्हणू? आम्ही तिला मान वर करून चालायला शिकवलं, ते याच साडीसाठी. आणि माझ्या तोंडून निघालेला साधा नमस्कार तिची पाच वर्षांची राखण मोडून गेला होता. तो माझा गुन्हा होता का, हेसुद्धा मला कळत नव्हतं. मी तिची पाठ चोळत बसले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. मग तिला भूक लागली, आम्ही भेळ घेतली आणि एकाच पुड्यातून खाल्ली.

मी साडीविनाच परत आले. ह्यांनी स्टँडवरच विचारलं, "एवढ्या मोठ्या मुंबईत पांढरी साडी भेटली नाही?" मी म्हटलं, "नाही भेटली." जास्त विचारलं असतं तर मी तिथंच रडले असते, ते त्यांना दिसलं असावं. ते पिशवी घेऊन पुढं चालायला लागले.

लग्न जवळ येत चाललं. फोनवर आम्ही मायलेकी मांडवाचं, जेवणाचं, पाहुण्यांचं बोलायचो. साडीचं नाव ती काढत नव्हती, मीही काढत नव्हते. शेवटी एका दुपारी तिनंच फोन केला. "आई, तिथल्याच दुकानात पाह्य ना. मले व्हिडिओवर दाखव. पाहू दे तरी. मंग सांगतो."

शाळा सुटल्यावर मी तडक दुकानात गेले. रिसोडातलं आमचं नेहमीचं दुकान. दुकानदार मुसलमान, माझ्या लग्नापासूनचा ओळखीचा, स्वभावानं इतका मऊ, की त्याच्याकडून कोणी रुसून गेल्याचं मला माहीत नाही.

"आओ मॅडम, बसा. पोरीचं लगन ठरलं म्हणे. मुबारक हो! चाय सांगतो."

मी बसले. पर्स अजून मांडीवर नीट ठेवलीही नव्हती, तोवर त्यानं पोऱ्याला वरच्या फळीवरून गठ्ठे उतरवायला लावले. सगळे पांढरे. जरीचे पांढरे, साधे पांढरे, निळ्या काठाचे, सोनेरी काठाचे. एकेक उलगडून तो कौतुकानं माझ्यासमोर पसरत होता. 'पांढरी कुणासाठी?' हा प्रश्न त्याच्या मनातसुद्धा आला नव्हता. मुंबईत या एका गोष्टीसाठी माझा जीव तीळतीळ तुटला होता. आणि इथं ती न मागता समोर आली होती. मी अजून एक शब्द बोलले नव्हते. इतकी वर्षं मी या दुकानात येते, पण मला हे कधी दिसलंच नव्हतं.

मी व्हिडिओ लावला. दुकानदारानं साडी स्वतःच्या हातावर पसरून मोबाइलसमोर धरली. "देखो बेटा, ही पाह्य, अन् ही." लेक डोळे बारीक करून एकेक बघत होती. मग तिचं बघणं थांबलं.

"आई, सगळ्या पांढऱ्याच काढल्या. तू सांगतलं होतं का त्यायले?"

"हो तं," मी म्हटलं. "आल्या आल्या मीच सांगतलं."

मी मोबाइल साड्यांवरून हलू दिला नाही.

"मंग ती निळ्या काठाची घे," ती म्हणाली. "तीच नेसतो मी."