हळू सोडलेली तुळई

माझे सासरे वेल्डर, आणि माणूस एक नंबरचा खवट. मी मागणी घालायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही. माझ्या सायकलचं कॅरिअर बघून म्हणाले, "हा जोड कोणी थुंकलाय?" त्यांचा स्वतःचा जोड मात्र बघत राहावा असा, घट्ट वेणीसारखा. चाळीस वर्षांत त्यांचं एकही काम परत आलं नव्हतं, आणि हे ते कुणाला विसरू देत नसत.

निवृत्तीच्या महिन्यात त्यांनी एका पादचारी पुलाची तुळई जोडली. गंजू नये म्हणून जस्त चढवायला ती आमच्या कारखान्यात आली. वितळलेल्या जस्ताच्या टाकीवरची क्रेन मी चालवतो. सासरे मुद्दाम बघायला आले आणि जरा दूर, हाताची घडी घालून उभे राहिले. एरवी मी माल झपकन बुडवतो. त्या दिवशी तुळई इंचाइंचानं खाली सोडली. एवढी अदब मी लग्नातही दाखवली नव्हती.

बाहेर काढली तर जोडाच्या कडेनं हातभर तडा.

ती निवल्यावर सासऱ्यांनी तड्यावरून बोट फिरवलं आणि ते निघून गेले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आमच्या इंजिनिअरबाईंनी मला झापलं. "इतकी हळू का सोडली? खालचा भाग तापून फुगला, वरचा थंडच राहिला. त्या ओढाताणीत जस्त पोलादात शिरलं आणि ते तडकलं. जोडात काही खोट नव्हती." रिपोर्टातही त्यांनी तेच लिहिलं.

मी तडक सासऱ्यांकडे गेलो. चूक कबूल केली, रिपोर्ट पुढे ठेवला. त्यांनी तो नीट वाचला, घडी घालून परत दिला.

"बाईंकडून तुम्हीच लिहून घेतलं असणार."

"नाही हो मामा. खरंच माझ्यामुळे झालं."

"जावईबापू, माझा हात गेला. तुम्ही आपल्या माणसाला पाठीशी घालताय. चांगले आहात तुम्ही."

अकरा वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. मला रडू आलं, तर ते माझीच समजूत काढू लागले. बायकोनं सांगून पाहिलं, बाईंनी फोन केला. ते सगळ्यांना हो म्हणाले.

परवा माझ्या मुलीच्या झोपाळ्याची कडी तुटली. ती घेऊन पोरगी आजोबांकडे पळत गेली आणि तशीच परत आली.

"आजोबा म्हणाले, बाबांना सांग, चांगला वेल्डर बघा."