दुसरी काच

"आधी पडदा ओढा," हे बाईंचं दुकानात शिरतानाचं पहिलं वाक्य. नौपाड्यात माझं प्रयोगशाळेच्या सामानाचं दुकान. भर दुपारी गिऱ्हाइकं उभी असताना मी पडदा ओढायचा आणि बाईंनी निळा दिवा लावून बाटलीतली पूड तपासायची. पूड चमकली तर भेसळ, असा त्यांचा हिशेब. मी भाव सांगायला तोंड उघडलं की म्हणायच्या, "भाऊ, आधी वस्तू, मग भांडण."

बाई ठाण्याच्या एका कॉलेजात हंगामी शिकवत. रुथेनियम नावाच्या महागड्या धातूपासून त्यांनी एक नारिंगी संयुग बनवलं होतं. पाण्यात ते मुकाट असायचं. पेशीतल्या डीएनएला चिकटलं की उजळायचं. त्यासाठी त्या कुणाच्याही गालाच्या आतून काडीने पेशी खरवडून घेत. माझ्याही घेतल्या. सूक्ष्मदर्शकात माझ्याच पेशींमधले लाल ठिपके पाहून मी त्या दिवशीचं बिल करायचंच विसरलो. एरवी मला बिल विसरायला लावणारा माणूस अजून जन्मायचाय.

उन्हाळ्यात कॉलेज त्यांची प्रयोगाची खोली काढून घेणार होतं. मी डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखानदाराला गाठलं, महिनाभर घासाघीस केली. तो संयुग बाजारात आणणार आणि बाईंना कारखान्यात प्रयोगशाळा देणार, असं ठरलं. मी शून्यातून उभा राहिलेला माणूस. असा सौदा कुणासाठी फुकट केला नव्हता.

तो पाहायला आला. पहिल्या काचेवर ठिपके लखलखीत. खूश होऊन तो मागे वळला, तर बाईंनी दुसरी काच सरकवली. नुसता काळोख.

"पहिल्या पेशी स्पिरिटने मेलेल्या आहेत," बाई म्हणाल्या. "या जिवंत आहेत. जिवंत पेशी याला आत घेत नाही. अजून तरी."

कारखानदार चहासुद्धा न घेता गेला. मदत करायला जावं तर आपल्यालाच तोंडघशी पाडणारं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. मी ओरडलो, "दुसरी दाखवायला कोणी सांगितलं होतं?"

"तडा गेलेली बाटली तुम्ही गिऱ्हाइकाला दाखवत नाही?"

"दाखवतो. सौदा झाल्यावर."

बाई हसल्या. मी नाही. तो राग अजून गेलेला नाही.

खोली गेली, पाठोपाठ नोकरीही. काही वर्षांनी डोंबिवलीतल्याच दुसऱ्या एका कारखान्यात त्या कापडाचे रंग तपासताना दिसल्या. नखं निळी झालेली. ती आमची शेवटची भेट.

"भाऊ, जिवंत पेशीत जाणारं काही आलं का हो कुणाचं?"

माझ्या पिशवीत परदेशी कॅटलॉग होता. त्यात तसं एक रंगद्रव्य छापलेलं होतं, चित्रासकट. विकायची वस्तू लपवायची मला सवय नाही.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि हातातलं ओलं कापड खिडकीकडे धरलं.