पहिली ओळ

न्येंडोच्या बाजारात पत्र्याखाली प्रॉस्कोव्हिया आणि मी शेजारी शेजारी शिवणाची पायमशीन चालवतो. मुलींच्या दोन्ही नावाजलेल्या शाळांचे गणवेश आमच्याकडे येतात. टेकडीवरच्या सेंट ऑडिलियाचे निळे, खालच्या किगोन्झा गर्ल्सचे हिरवे. यंदा प्रॉस्कोव्हियाची मुलगी नाबोसा सातवीला, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाला. पुढच्या शाळांची पसंती सातवीच्या परीक्षेआधीच लिहून द्यायची असते आणि अर्जाच्या पहिल्या ओळीत आपलं नाव नसेल तर या दोन्ही शाळा त्या अर्जाकडे ढुंकूनही बघत नाहीत. एकीला हो म्हटलं की दुसरीचं दार बंद.

तिचा नवरा जुबाला ट्रक घेऊन गेलेला. फोनवर म्हणाला, "सेंगा सांगेल तसं कर." सेंगा, म्हणजे मुलीची आत्या. तिच्या शब्दापुढे आमच्यात बापही बोलत नाही. आणि ही पेर्पेतुआ सेंगा स्वतः ऑडिलियात शिकलेली!

सुट्टीत दोन्हीकडच्या मुली कपडे दुरुस्तीला घेऊन आल्या. निळ्या झग्यांच्या बाह्या स्वच्छ, कडक. हिरव्यांवर पिवळे डाग, बारीक भोकं.

"हे काय गं? बिडी ओढता की काय?" मी एका हिरवीला विचारलं.

"नाही हो मावशी, आम्ल सांडलं. बाईंनी ओरडून तोच प्रयोग परत करायला लावला."

प्रॉस्कोव्हियाची मशीन थांबली. तिने निळीला जवळ बोलावलं. "आणि तुमच्यात?"

"आमच्यात बाई करून दाखवतात. आम्ही वहीत सुबक उतरवून घेतो."

"हात लावू देतात?"

"वर्ग केवढा मोठा, मावशी! हात कुठे पुरणार?"

प्रॉस्कोव्हियाने हिरवी बाही हातात घेऊन भोकांवरून बोट फिरवलं. नाबोसा शेजारीच माझ्या मशीनचं खालच्या दोऱ्याचं शटल उघडून बसली होती. नाकाला तेल, बोटांना तेल. कुणी शिकवलं नव्हतं तिला. नऊ वर्षांची असताना स्वतःच खोलून, स्वतःच जुळवलं होतं.

रविवारी सेंगा जेवायला आली, टोकदार खांद्यांच्या लखलखत्या पायघोळ गोमेसीत; मी मदतीला तिथेच होते. प्रॉस्कोव्हियाने रीतीप्रमाणे गुडघे टेकून स्वागत केलं, उकडलेल्या हिरव्या केळ्यांचं मातोके आणि शेंगदाण्याचं कालवण वाढलं. सेंगाने पहिला घास घेतला आणि फर्मावलं, "उद्या अर्जात ऑडिलिया लिही."

"वन्सं, मी किगोन्झा लिहिणार आहे."

घास हातातच राहिला. "त्या डागाळलेल्या बाह्यांच्या पोरींत? लोक काय म्हणतील? ऑडिलियाची मुलगी चालली की रस्ता बाजूला होतो."

"होतो ना. तुम्ही आलात की मीही होते."

"मग?"

"नाबोसाला रस्ता नको, हत्यारं हवीत. तिकडे पोरी हाताने करतात."

"आणि नाही घेतलं त्यांनी? गुण कमी पडले तर? ऑडिलियाही गेली हातची!"

"गेली तर गेली. साधी शाळा आहे की."

प्रॉस्कोव्हियाचे गुडघे अजून जमिनीवरच होते. आवाज मात्र ताठ उभा.

सेंगा पोरीकडे वळली. "तू सांग गं. कुठली?"

नाबोसाने आईकडे पाहिलं, मग सेंगाकडे. "किगोन्झा. पण तुम्ही रागावाल."

"रागावलेच आहे," सेंगा म्हणाली आणि उठून चालू पडली. ताटातलं मात्र संपवूनच उठली होती.

सोमवारचं मला तिनेच नंतर सांगितलं. नाबोसाच्या शाळेचे मुख्याध्यापक सेमांदांनी अर्ज पुढे ठेवला. "बाई, ही ऑडिलियाला लागली तर आमच्या फाटकावरच्या फलकावर पहिलं नाव हिचं. विचार करा."

"फलक तुमचा, मास्तर. पोरगी माझी."

"शाईने लिहिल्यावर खोडता येणार नाही."

"म्हणूनच शाईचं पेन आणलंय."

तिने एकेक अक्षर सावकाश काढलं: किगोन्झा गर्ल्स. दुसऱ्या ओळीत बाजारामागची, रोज घरी परतायची साधी शाळा. सेमांदांनी शिक्का मारला.

तिथून ती बाजारात आलीच नाही, थेट सेंगाच्या दारात गेली. पुन्हा गुडघे टेकले. "लिहून आले, वन्सं. पहिल्या ओळीत किगोन्झा."

"मला कशाला सांगतेस?"

"प्रवेश मिळाला तर वसतिगृहाला गादी मी घेईन. लोखंडी पेटी सेंगानेच द्यायची, ही रीत आहे."

"माझं न ऐकता वर पेटी मागतेस?"

"हो. तुमच्याशिवाय पोरगी त्या फाटकातून आत जाणार नाही."

सेंगाने तिला हाताला धरून उठवलं. मग म्हणाली, "कुलूप चांगलं घ्यावं लागेल. त्या किगोन्झाच्या पोरी काहीही उघडतात म्हणे."